किट कारचं स्टिअरिंग आणि सेफ्टीचं सामान: तीन स्टिअरिंग, दोन पट्टे आणि एक काका

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एका वस्तूचा नाहीये, कारण किट कारमध्ये, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडलेल्या गाडीत, कुठलीच वस्तू एकटी येत नाही, एक घेतली की तिच्यामागे चार येतात. मी घ्यायला गेलो होतो फक्त स्टिअरिंग व्हील. बदललं काय काय, तर कॉलम (स्टिअरिंगपासून खाली जाणारा दांडा), बॉस (स्टिअरिंग कॉलमला जोडणारा मधला तुकडा), क्विक रिलीज (स्टिअरिंग झटक्यात काढता येतं तो जोड), पट्टे, रोल बारचं (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीचं) पॅडिंग, आणि आपल्याला सगळं कळतं हा समज.

गाडी कुठली ते सांगतो म्हणजे पुढचं नीट लागेल. लोटस सेव्हनच्या धर्तीची आहे, चौकोनी पाइपांची चासी, अंगाला ॲल्युमिनियमचे पत्रे, नाक आणि मडगार्ड फायबरचे, दारं नाहीत, छप्पर नाही. मूळ सेव्हन कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये आणली, ती लोक घरी जोडून घ्यायचे, १९७३ पासून तिचे हक्क केटरहॅमकडे आहेत आणि बाकी जगभर तिच्या नकला निघाल्यात त्यातलीच एक माझी. डोनर म्हणून जुनी माझदा एमएक्स-५ घेतली, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, रॅक (चाकं वळवणारी यंत्रणा), कॉलम सगळं तिचं. तयार गाडी सहाशे किलोच्या आत बसते. हे वजन लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर पहिलं स्टिअरिंग. हे मी चासीला रंग लागायच्याही आधी घेतलं होतं, म्हणजे आधी कळस मग पाया. फोटोत काय दिसत होतं म्हणून सांगू, ३५० मिमी व्यासाचं, चांगलं ९० मिमी खोल डिशचं (म्हणजे रिम मधल्या भागापेक्षा तेवढं ड्रायव्हरकडे आलेलं), काळं सुएड (मखमली चामडं), लाल शिलाई, वरती बाराच्या ठोक्यावर पिवळी पट्टी. एका मोठ्या ब्रँडच्या मॉडेलची हुबेहूब कॉपी होती, आणि ती कॉपी आहे हे मला माहीत होतं, उगाच फसवलं बिसवलं म्हणणार नाही. विकणाऱ्याचं नावही घेत नाही. पॅकिंग एक नंबर. ते हातात धरून मी आठवडाभर घरात खुर्चीवर बसून भुर्र भुर्र करत होतो, वय विचारू नका.

मग ते घेऊन काकांकडे गेलो. काका म्हणजे ज्यांनी चासीचं वेल्डिंग करून दिलं ते, आयुष्य फॅब्रिकेशनमध्ये गेलंय, बोलतात कमी. म्हटलं काका, कसंय? त्यांनी शिलाईकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही बाजूंनी धरलं, गुडघा मध्ये लावला आणि दाबलं. स्पोक वाकले. मोडले नाहीत, पण डोळ्यांना दिसेल इतके वाकले आणि सोडल्यावर पूर्ण सरळही झाले नाहीत.

"अरे, हे स्टिअरिंग आहे की डब्याचं झाकण?"

मी म्हटलं काका, गाडी हलकी आहे, एवढा जोर कुठे लागणार. तर ते म्हणाले, "याच्या मागे काय आहे?"

"बॉस."

"त्याच्या मागे?"

"कॉलम. मग रॅक."

"आणि रॅकच्या पुढे?"

"काही नाही. नाक."

"मग समोरून ठोकली की हे सगळं कुठे येणार?"

मी काही बोललो नाही, हात आपोआप छातीवर गेला. सोनारानेच कान टोचावे लागतात ते असे. मी महिनाभर स्टिअरिंगकडे हातात धरायची वस्तू म्हणून बघत होतो, आणि ते गाडीच्या नाकापासून सुरू होऊन माझ्या बरगड्यांसमोर संपणाऱ्या दांड्याचं टोक होतं. त्यामुळे आता मला कुणी विचारलं की कुठलं स्टिअरिंग घेऊ, तर मी आधी विचारतो की तुझा कॉलम दाखव.

आणि माझा कॉलम दाखवायच्या लायकीचा नव्हता. झालं असं होतं की डोनरचा कॉलम सेव्हनच्या लांब नाकाला लांबीला पुरत नाही, म्हणून मी मध्ये एक पाइप घालून तो वाढवून घेतला होता, आणि वाढवताना जो भाग धडकेत एकमेकांत सरकायला ठेवलेला असतो नेमका तोच टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारून पक्का करून टाकला होता. का, तर तिथे जरा झोल वाटत होता! बऱ्याच फॅक्टरी कॉलममध्ये एक नळी दुसरीत बसवलेली असते आणि मध्ये प्लॅस्टिकच्या पिना असतात, धक्का बसला की पिना तुटतात आणि नळी आत सरकते. मी त्या भागाचा भाला करून ठेवला होता. हे वेल्डिंग मी स्वतः केलं होतं, काकांनी नव्हे, हे त्यांच्या सांगण्यावरून नमूद करतोय.

ही गोष्ट किती जुनी आहे बघा, अमेरिकेत १९६८ च्या मॉडेलपासून आत दबणारा कॉलम सक्तीचा झाला. तिथला नियम आणि युरोपात वगैरे चालणारं यूएनचं रेग्युलेशन १२, दोन्हीकडे आकडा जवळपास तोच, साधारण ४८ किमी वेगाने गाडी भिंतीवर आपटली तर कॉलमचं वरचं टोक मागे म्हणजे ड्रायव्हरकडे १२७ मिमीच्या वर सरकता कामा नये. १२७ मिमी म्हणजे वीतभरही नाही. आणि माझ्या गाडीत काहीच सरकणार नव्हतं, नाक जेवढं आत येईल तेवढा दांडा मागे, सरळ हिशोब.

मग नवीन केलं. तीन तुकडे, मध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट, ज्यांना गॅरेजात सगळे क्रॉस म्हणतात, आणि मधला तुकडा मुद्दाम तिरका, म्हणजे तिन्ही एका रेषेत नाहीत. धडक बसली की तो सरळ मागे न येता क्रॉसपाशी दुमडतो. वरचा तुकडा डोनरचा मूळ सरकणारा कॉलम, त्याला हात लावला नाही. आणि इथे एक गंमत आहे जी मला पुस्तकात वाचून कळली नव्हती, हातात आल्यावर कळली. एकच क्रॉस कोनात बसवला की आउटपुट सारख्या वेगाने फिरत नाही. ३० अंशाचा कोन असेल तर अर्ध्या फेरीत त्याचा वेग ०.८७ पट ते १.१५ पट असा खालीवर होतो. म्हणजे स्टिअरिंग फिरवताना एका ठिकाणी जड एका ठिकाणी हलकं, आणि तुम्ही शिव्या देणार रॅकला. दोन क्रॉस सारख्या कोनात आणि नीट फेजमध्ये, म्हणजे एकमेकांशी जुळवून, बसवले की एकाचं चुकलेलं दुसरा भरून काढतो. माझे पहिल्यांदा एक स्प्लाइन (शाफ्टवरचा दात) पुढेमागे बसले होते, ते काढून परत बसवले, तेव्हा कुठे मऊ चालायला लागलं. क्रॉसचा जो आवळायचा बोल्ट असतो तो शाफ्टच्या खाचेतून गेलाच पाहिजे, नुसता आवळून शाफ्ट धरला म्हणून समाधान मानू नका, खाचेतून गेला नसेल तर शाफ्ट एक दिवस बाहेर येईल. नट नायलॉकचा (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज ढिला न होणारा), आणि एकदा काढला की तो टाकून नवा.

क्रॉस आणि शाफ्ट, ज्यांच्याकडून घेतले त्यांचं काम चोख होतं, पाच पैकी पाच. दिसत काहीच नाही, गाडी बघायला येणारा माणूस त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तरी पाच.

आता स्टिअरिंग नंबर दोन. पहिलं बाद झाल्यावर एका मित्राने त्याचं लाकडी रिमचं दिलं, म्हणाला लावून बघ, आवडलं तर ठेव. नार्डी (स्टिअरिंगची कंपनी) टाइपचं, ३६० मिमी, चकचकीत ॲल्युमिनियमचे तीन स्पोक, लाकूड असं गुळगुळीत की हात फिरवतच राहावं. दिसायला त्याच्या तोडीचं काही नाही हे मी आजही म्हणेन. पण दोन भानगडी झाल्या. एक म्हणजे नार्डी आणि पर्सनल यांच्या बोल्टांचं वर्तुळ ७४ मिमीचं असतं आणि मोमो, ओएमपी, स्पार्को यांचं ७० मिमीचं, दोन्हीकडे बोल्ट सहाच, त्यामुळे बघताना वाटतं की बसेल. बसत नाही. दोन मिमी इकडे दोन मिमी तिकडे. मित्राने सल्ला दिला की भोकं जरा घासून लांबट कर. कृपया हे करू नका, सहा छोट्या स्क्रूंवर तुमचा सगळा भरवसा आहे, त्यांना ढिल्या भोकात टाकायचं म्हणजे कमाल आहे. दोन्ही पॅटर्नची भोकं पाडलेला बॉस मिळतो तो घ्या, किंवा मधली ॲडाप्टर प्लेट.

दुसरी भानगड, मांड्या. सेव्हनमध्ये माणूस बसत नाही, माणूस गाडी चढवतो, पँट चढवल्यासारखी. ३६० मिमीचं स्टिअरिंग लावल्यावर डावा पाय क्लचवरून उचलला की गुडघा रिमला लागायचा आणि वळणावर हात मांडीवर घासायचे. उजवीकडे कोपर बॉडीच्या कडेवर. गोल लाकडी रिमला सपाट खालची बाजू नसते, त्यामुळे तिथे उपाय नाही. आणि लाकूड तडकलं की ढलप्या निघतात, चांगल्या कंपन्यांमध्ये आत धातूचं कडं असतं त्यामुळे रिम हातात तुटून येत नाही, पण उघड्या गाडीत ऊनपाऊस खाल्लेलं जुनं लाकूड मला छातीसमोर नको वाटलं. परत केलं. जड अंतःकरणाने वगैरे.

तेव्हा एकदाचं शहाणपण सुचलं आणि सीट फिक्स करून मापं घेतली. हेच सगळ्यात आधी करायचं होतं. पाठ सीटला पूर्ण टेकवून, पट्टा आवळून बसायचं (पट्टा आवळून हे महत्त्वाचं, नाहीतर आपण नकळत पुढे सरकतो), हात सरळ पुढे केला तर मनगट रिमच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, खांदा सीटवरून न उचलता. मग बाजूने धरल्यावर कोपर आपोआप हवा तेवढा वाकलेला राहतो. छाती आणि स्टिअरिंगच्या मधल्या भागात किमान २५ सेंमी अंतर, जास्त असेल तर उत्तमच. मग रिमच्या वरच्या अर्ध्या भागातून मीटर दिसतात का बघायचं. मी पुठ्ठ्याची तीन वर्तुळं कापली, २८०, ३०० आणि ३२० मिमीची, झाडूच्या दांड्याला खिळ्याने लावली आणि गाडीत बसून फिरवली. ही पुठ्ठ्याची चकती हा या अख्ख्या रिव्ह्यूतला सगळ्यात चांगला प्रॉडक्ट आहे.

२८० चं मांड्यांना मस्त बसत होतं पण इथे जोराचा हिशोब येतो. रॅक तोच, टायर तेच, तर रिमवर लागणारा जोर व्यासाच्या उलट प्रमाणात बदलतो. ३५० वरून २८० वर आलात की सव्वापट जोर. पॉवर स्टिअरिंग नाही माझ्या गाडीत. सहाशे किलोची गाडी चालू असताना हे अजिबात जाणवत नाही, पण उभ्या गाडीत पार्किंगला फिरवताना दंडाला बरोबर कळतं. जड इंजिनाची, रुंद टायरांची कोब्रा रेप्लिका वगैरे करत असाल तर माझं माप तुम्हाला लागू नाही, तिथे ३५०-३८० च बरं.

तर नंबर तीन, जे आज गाडीत आहे. ३०० मिमी, साधं गुळगुळीत चामड्याचं, जवळजवळ फ्लॅट, खालून सपाट. कंपनी नामांकित इटालियन, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण या वर्गात मोमो घ्या, ओएमपी घ्या, स्पार्को घ्या, बोल्ट पॅटर्न एकच आहे आणि फरक मापाने आणि हातात कसं बसतं त्यानेच पडतो. स्पोक काकांच्या गुडघ्याच्या परीक्षेत पास झाले. सुएड का नाही घेतलं? सुएड हातमोज्यांसाठी आहे. उघड्या हाताचा घाम लागून ते आधी चमकायला लागतं मग टक्कल पडतं, आणि उघड्या गाडीत पाऊस लागला की ओल्या मांजरासारखं होतं. फ्लॅट का? डिश जितकी खोल तितकं रिम ड्रायव्हरच्या जवळ येतं, माझा कॉलम आधीच लांब, वर क्विक रिलीज लावल्यावर अजून सुमारे ५० मिमी मागे येणार होतं. पहिलं ९० मिमी डिशवालं लावलं असतं तर ते जवळजवळ माझ्या मांडीत आलं असतं.

आणखी एक तपासणी करायची. त्याच रेग्युलेशन १२ मध्ये आहे की स्टिअरिंगच्या ड्रायव्हरकडच्या ज्या पृष्ठभागाला १६५ मिमीचा गोळा टेकू शकतो तिथे २.५ मिमीपेक्षा कमी त्रिज्येची धारदार कड असता कामा नये. १६५ मिमी म्हणजे साधारण डोक्याएवढा गोळा, म्हणून. मी तेवढा एक बॉल शोधून स्टिअरिंगवर फिरवला. नवीन स्टिअरिंगला काही लागलं नाही. पण बॉसच्या भोवतीच्या कडेला आणि डॅशवरच्या टॉगल स्विचेसना मात्र तो बॉल बरोबर टेकला, आणि ते स्विच मी स्वतः हौसेने लावले होते, विमानाच्या कॉकपिटसारखे दिसावेत म्हणून. काढले. ज्या देशात गाडी पास करून घ्यायची तिथले नियम वेगळे असतील ते तुम्ही बघालच, पण हा बॉल फिरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

स्टिअरिंगला साडेचार. अर्धा हॉर्नसाठी कापला, त्याचं शेवटी सांगतो.

क्विक रिलीज. सेव्हनसारख्या गाडीत हे निव्वळ स्टाईल नाही, आत बसायला आणि मुख्य म्हणजे बाहेर पडायला ते लागतंच, आणि स्टिअरिंग काढून खांद्याला लावून निघून गेलं की गाडी कोण नेणार. पहिलं घेतलं ते स्वस्तातलं षटकोनी. हबपाशी अगदी थोडा प्ले (ढिलेपणा) होता, हाताला जेमतेम लागेल इतका. पण हबपाशी १ अंश म्हणजे ३५० मिमीच्या रिमवर ३ मिमी, ३०० च्या रिमवर अडीच मिमीच्या पुढे. सरळ रस्त्यावर ते ३ मिमी सतत टकटक करत राहतात आणि प्रत्येक वेळी वाटतं की काहीतरी सुटलंय. महिन्याभरात अजून वाढला. एक स्टार, तोही वेगाने पोचलं म्हणून. ते ज्यांनी विकलं त्यांना लिहिलं तर म्हणे थोडा प्ले नॉर्मल आहे. नाहीये.

आता लावलंय ते स्प्लाइनवालं, एक बाजू कॉलमला वेल्ड करायची. स्प्लाइनचा फायदा म्हणजे एकच दात मोठा किंवा गायब असतो त्यामुळे स्टिअरिंग उलटं किंवा एक दात पुढेमागे बसूच शकत नाही. प्ले शून्य. वेल्ड मात्र काकांकडून, मी लांब उभा. आणि एक सवय, क्लिक असा आवाज आला म्हणजे बसलं असं नाही, बसवल्यावर दोन्ही हातांनी स्टिअरिंग स्वतःकडे जोरात ओढून बघायचं. दर वेळी. एकदा कडेला बारीक खडा अडकून कॉलर पूर्ण पुढे आलीच नव्हती आणि क्लिक मात्र झालं होतं, ओढल्यावर स्टिअरिंग माझ्या मांडीवर. घराच्या आवारात उभ्या गाडीत होतो म्हणून हसलो.

एअरबॅग का नाही ठेवली, हे बरेच जण विचारतात, डोनरमध्ये होती ना. होती. पण एअरबॅग कधी फुगवायची हे ठरवणारा सेन्सर त्या डोनरच्या बॉडीवर बेतलेला असतो, ती बॉडी धडकेत कशी चेपते, किती मिलिसेकंदात किती झटका पोचतो त्यावर. तोच सेन्सर पाइपांच्या चासीवर लावला तर तो उशिरा उडवेल, नको तेव्हा उडवेल किंवा उडवणारच नाही, आणि डोक्यापासून वीतभर अंतरावर ती जुगाड म्हणून ठेवायची माझी हिंमत नाही. काढताना बॅटरी सोडून मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबायचं आणि काढलेलं मॉड्यूल तोंड वर करून ठेवायचं, तोंड खाली ठेवलं आणि उडालं तर ते स्वतःच क्षेपणास्त्र होतं.

एअरबॅग नाही म्हणजे सगळा भार पट्ट्यांवर. इथे मी दुसऱ्यांदा माती खाल्ली. पहिला पट्टा घेतला चार पॉइंटचा (चार जागी बांधलेला), निळा, मध्ये गोल बकल, रेसिंगचा फील. चार पॉइंटमध्ये काय होतं, धडकेत खांद्याचे दोन पट्टे ताणले जातात आणि ते मधलं बकल वर ओढतात, बकल वर गेलं की कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडावरून सरकून पोटावर चढतो, आणि माणूस खालून निसटतो. पोटात हाड नाही. म्हणून पाचवा किंवा सहावा पट्टा, दोन मांड्यांमधून जाणारा, बकल खाली धरून ठेवायला. चार पॉइंटमध्ये श्रोथसारख्या पट्टे बनवणाऱ्या कंपन्यांनी यावर एक युक्ती काढलेली आहे, एका खांद्याचा पट्टा मुद्दाम थोडा सुटतो म्हणजे शरीर किंचित वळतं आणि कमर निसटत नाही. पण माझ्याकडचा तसला नव्हता, नुसताच निळा होता.

सहा पॉइंटचा घेतला. लेबल एफआयए (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) ८८५३-२०१६ चं, त्यावर कुठल्या वर्षानंतर चालणार नाही ते छापलेलं असतं, बनल्यापासून पाच वर्षं. रस्त्यावरच्या गाडीला कुणी ते वर्ष विचारणार नाही कदाचित, पण धागा ऊन खाऊन कमजोर होतो आणि ज्या गाडीला छप्परच नाही तिच्यात तर जास्तच, म्हणून मी पाळणार आहे. वापरलेला, धडक खाल्लेला पट्टा कितीही चांगला दिसला तरी घेऊ नका, तो एकदा ताणला गेला की संपला.

पण पट्ट्यापेक्षा तो कुठे बांधलाय हे जास्त महत्त्वाचं निघालं. खांद्याचे पट्टे सीटच्या मागे खांद्यापासून थोडे खाली उतरले पाहिजेत, १० ते २० अंश हे चांगलं, ४५ अंशांपेक्षा जास्त उतार कधीच नाही. माझे आधी सीटमागे थेट फ्लोअरला बांधले होते, कारण तिथे डोनरच्या पट्ट्याचं भोक रिकामं होतं! त्याने काय होतं, धडकेत पट्टे खांद्यांना मागे नाही तर खाली ओढतात आणि मणका वरून खाली दाबला जातो. आता रोल बारला मागे आडवा पाइप आहे, त्याला गुंडाळून बांधलेत. कमरेचे आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेले) ७/१६ इंची यूएनएफ (बारीक) आट्यांचे, चासीच्या पाइपात वेल्ड केलेल्या बुशमध्ये. फायबरच्या तळाला मोठा वॉशर लावून पट्टा बांधलेली गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि मालक अभिमानाने दाखवत होता, फायबर तो वॉशर चाळणीसारखा सोडून देईल.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर साधा तीन पॉइंटचा रिळवाला पट्टा, ज्याची तीन पॉइंटची मूळ रचना व्होल्वोच्या निल्स बोहलिनने १९५९ मध्ये आणली, तो रस्त्यावर फिरायला अजिबात कमी नाही. हार्नेस, म्हणजे हा चार-सहा पॉइंटचा पट्टा, छाती पक्की धरतो पण डोकं मोकळंच राहतं, सगळा झटका मानेवर. ट्रॅकवर लोक हार्नेससोबत हान्स (डोकं आणि मान धरून ठेवणारं साधन) लावतात ते त्याच्यासाठीच. शिवाय हार्नेस आवळून बसलं की चौकात वाकून डावीउजवीकडे बघता येत नाही. ज्यांची गाडी दार-छपरावाली आहे आणि फॅक्टरीचे अँकर शाबूत आहेत त्यांनी तीन पॉइंट ठेवा, उगीच शोभेसाठी बदलू नका. माझ्याकडे बी-पिलरच (दारामागचा उभा खांब, ज्याला पट्टा बांधतात) नाही, म्हणून हार्नेस. सहा पॉइंटला चार स्टार, एक कापला कारण मांडीमधला पट्टा दर वेळी सीटखाली हरवतो.

रोल बारबद्दल थोडक्यात. किटबरोबर जो आला होता तो शोभेचा होता, पातळ नळी, क्रोम केलेली, मागे आधाराचे पाय नाहीत. एफआयएच्या नियमात मुख्य रोल बारला ४५ मिमी बाय २.५ किंवा ५० बाय २.० ची विनाजोड थंड ओढलेली स्टीलची नळी लागते, काकांनी ४५ ची घेऊन नवा केला, मागे दोन तिरके पाय चासीच्या सांध्यांवर उतरवले. हेल्मेट घालून बसल्यावर डोक्याच्या वर चार बोटं मोकळी राहतात. पॅडिंग म्हणून आधी पाइपांना गुंडाळायचा मऊ फोम लावला होता, तो बोटाने दाबला की नळी लागते, तसल्याचा काही उपयोग नाही. टणक घनतेचं रेसिंगचं पॅडिंग लावलं, हाताने दाबून दबत नाही, लोकांना वाटतं हे कसलं पॅडिंग, पण डोकं त्या वेगाने आपटतं तेव्हा तेच दबतं.

बारक्यासारख्या वस्तूंमध्ये माझं सगळ्यात जास्त प्रेम इनर्शिया स्विचवर आहे. काही नाही हो, आत एक लोखंडी गोळी चुंबकाने धरलेली, झटका बसला की गोळी सुटते, पट्टीवर आपटते आणि इलेक्ट्रिक फ्युएल पंपाचा सप्लाय तोडते. वरचं बटण दाबलं की परत चालू. भंगारातल्या गाडीतून काढलेला चालतो. फायबर आणि पेट्रोल एकत्र असलेल्या गाडीत हा नसणं म्हणजे मला गुन्हाच वाटतो. एकदा मोठ्या खड्ड्यात गाडी बंद पडली, अर्धा तास प्लग, वायर, सगळं तपासलं, मग आठवलं. तरी पाच स्टार.

किल स्विच (गाडीची सगळी वीज एका झटक्यात तोडणारा) घेताना दोनच टर्मिनलवाला घेऊ नका. बॅटरी तोडली तरी अल्टरनेटर चालू इंजिनाला करंट देतच राहतो, इंजिन बंदच होत नाही, आणि वर अचानक बॅटरी सुटल्याने अल्टरनेटरच्या डायोडची वाट लागते. सहा टर्मिनलवाला घ्या, दोन जाड बॅटरीचे, दोन इग्निशन तोडायला आणि दोन अल्टरनेटर रेझिस्टरमधून मोकळा करायला. पट्टा बांधून बसलेल्या अवस्थेत हात पोचतो का ते बघून मगच भोक पाडा. मी आधी पाडलं.

फायर एक्स्टिंग्विशर फोमचा घेतलाय, पावडरचा नाही, उघड्या कॉकपिटात पावडर उडाली की तुम्हालाच काही दिसणार नाही. ब्रॅकेट धातूचं, प्लॅस्टिकचं नको, नाहीतर धडकेत तो सिलिंडर तुमच्या आधी समोर पोचेल.

ते पहिलं ३५० चं स्टिअरिंग भिंतीवर टांगलंय. परवा एकाने विचारलं विकतोस का, म्हटलं भिंतीलाच लावणार असशील तर फुकट ने.

राहिला हॉर्न. क्विक रिलीजमधून हॉर्नची वायर स्टिअरिंगपर्यंत न्यायची तर मध्ये संपर्काच्या पिना लागतात, आणि माझ्या त्या क्विक रिलीजमधल्या पिनांचा स्प्रिंग अशक्त आहे, त्यामुळे स्टिअरिंग सरळ असताना हॉर्न वाजत नाही आणि डावीकडे पूर्ण वळवलं की न दाबता वाजतो. काका म्हणतात डॅशवर एक मोठं बटण लाव आणि विषय संपव. लावतो, पण आधी तो १६५ मिमीचा बॉल सापडू दे, शेजारच्या पोराने नेलाय.